कतारमध्ये घरगुती टर्कीपालन : पिल्ले आणण्यापूर्वी

ऑक्टोबर सरत आला की दोह्याची हवा माणसाळू लागते. अंगण असलेल्या घरांत राहणारी, किंवा एखाद्या कतारी स्नेह्याच्या इझबावर, म्हणजे गुरे-पक्षी ठेवण्याच्या वाडीवर, येणे-जाणे असलेली आपली मंडळी या दिवसांत वांगी-टोमॅटोचे वाफे घालतात, मेथी पेरतात, चार कोंबड्या आणतात. कोंबड्या रुळल्या की पुढल्या हिवाळ्यात कुणाच्या तरी मनात टर्की येतो. पक्षी देखणा, मोठा, माणसांत रमणारा. मुलांना तो मोरासारखा भासतो आणि मोठ्यांना नाताळचे ताट दिसते. पाळणे अवघडही वाटत नाही. नोव्हेंबर ते मार्च ते फारसे अवघड नाहीच.

पण टर्की नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगू शकतो, आणि कतारमधील वर्ष बारा महिन्यांचे असते. नोव्हेंबरात आणलेले मूठभर पिल्लू एप्रिलमध्ये सात-आठ किलोंचा नर होते. मे महिन्यात ऊन पेटते. जुलैत शाळांना सुट्टी लागते आणि कुटुंब पुण्याला किंवा कोल्हापूरला निघते. त्या वेळी हा पक्षी कोठे असेल, कोणाच्या हाती असेल आणि थंड कसा राहील, या तीन प्रश्नांची उत्तरे पिल्ले घेण्यापूर्वी द्यावी लागतात. नंतर सुचलेली उत्तरे बहुधा पक्ष्याच्या जिवावर बेततात.

नावाची आणि प्रवासाची गोष्ट

दोह्याच्या बाजारात 'टर्की' म्हटल्याने समोरच्याला कळेलच असे नाही. अरबीत त्याला 'दीक रूमी' म्हणतात, म्हणजे रूमचा कोंबडा. तुर्कस्तानात तोच पक्षी 'हिंदी' ठरतो, फ्रेंच लोकांनीही त्याचे नाव हिंदुस्थानावरूनच ठेवले आहे, डच लोकांनी कालिकतवरून, आणि पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या देशातून आला असे मानले. मेक्सिकोचे नाव मात्र कोणी घेतले नाही. वास्तविक त्याला माणसाळवले ते मध्य अमेरिकेतील रहिवाशांनी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी.

आपल्याकडे तो आला गोव्याच्या वाटेने. जहांगीर बादशहाने मुकर्रब खानाला दुर्मीळ वस्तू खरेदी करण्यासाठी गोव्यास धाडले होते. १६१२ साली त्याने दरबारात जे नजर केले त्यात हा पक्षी होता. बादशहाने आत्मचरित्रात त्याचे बारकाईने वर्णन केले आहे. डोक्याचा व मानेचा रंग क्षणात लाल, क्षणात पांढरा, मग निळसर होतो हे पाहून त्याला सरड्याची आठवण झाली. उस्ताद मन्सूरने त्याच सुमारास काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीराने टिपलेला तो रंगबदल पाळणाऱ्याला आजही उपयोगी पडतो: नर भडकला, घाबरला वा आजारी पडला की डोक्याचा रंग आधी सांगतो. पिसांविना उघडे असलेले ते डोके आणि मान ही शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याची जागाही आहे. उन्हाळ्यात याची आठवण ठेवावी.

कोणता टर्की?

ज्या जातीचे मांस जगभर विकले जाते ती रुंद छातीची पांढरी जात घरगुती पाळणाऱ्याने, विशेषतः आखातात, टाळलेलीच बरी असे माझे स्पष्ट मत आहे. ही जात छातीचे मांस वाढावे म्हणूनच घडवलेली आहे. नर इतका जड होतो की त्याला नैसर्गिक समागमही जमत नाही, प्रजनन कृत्रिम रेतनाने करावे लागते. वय वाढले की पाय आणि हृदय साथ सोडतात. उष्णतेत हीच जात सर्वांत आधी आडवी होते. एका हिवाळ्यात वाढवून उन्हाळ्यापूर्वी ताटात आणायची असेल तर ती चालेल. घरातील प्राणी म्हणून वर्षानुवर्षे ठेवायची असेल तर ती निवड पक्ष्यावर अन्याय करणारी आहे.

हलक्या जाती अधिक तग धरतात. अमेरिकेच्या कृषी विभागाने मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे तयार केलेली छोटी पांढरी जात घरगुती पालनासाठीच होती. तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने तिचा संकर देशी काळ्या टर्कीशी करून 'नंदनम टर्की-१' तयार केली. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची 'कारी विराट' ही जातही भारतात परिचित आहे. हे वाण दोह्यात मागितल्यावर मिळतील असे नव्हे. पण अमेरिकी पुस्तकांपेक्षा तमिळनाडूचा अनुभव आपल्या अधिक कामाचा आहे. अमेरिकी पुस्तके थंडीशी झगडत लिहिली गेली आहेत. चेन्नईच्या पालकाला घामाघूम करणाऱ्या दमट उन्हाळ्याची ओळख आहे.

सूक वाकिफच्या पक्षीबाजारात किंवा ओळखीच्या इझबावरून पक्षी घेताना रंगापेक्षा पाय पाहावेत. सरळ उभा राहणारा, डोळे स्वच्छ, नाक कोरडे, शेपटीखालची पिसे न माखलेली, हे पुरेसे. बाजारात कबुतरे, पोपट, कोंबड्या शेजारीशेजारी असतात. म्हणून आणलेला प्रत्येक पक्षी किमान ३० दिवस घरच्या इतर पक्ष्यांपासून वेगळा ठेवावा. त्यांचे पाणी-खाणे शेवटी करावे आणि चपलाही वेगळ्या असाव्यात.

आणि त्याआधी घरमालकाची लेखी संमती. कंपाउंडमध्ये राहणाऱ्यांनी व्यवस्थापनालाही विचारावे, आणि नगरपालिकेकडे चौकशी करावी. नराची आरोळी शेजारच्या भिंतीपलीकडे सहज पोहोचते, आणि पहाटे ती कुणालाही गोड लागत नाही.

पहिले सहा आठवडे

टर्कीचे पिल्लू कोंबडीच्या पिल्लाइतके चलाख नसते. समोर दाणा असून उपाशी मरणारी टर्कीची पिल्ले ही जगभरच्या पालकांची जुनी तक्रार आहे. दिसते कमी, आणि आई दाखवत नाही तोवर चोच कोठे मारायची ते उमगत नाही. म्हणून आणल्याबरोबर प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात आणि एकदा दाण्यात बुडवावी. पाण्याच्या थाळीत रंगीत गोट्या टाकाव्यात. चकाकी पाहून ती टोचतात आणि पाणी तोंडी लागते. याच गोट्यांमुळे पिल्लू बुडत नाही, हा दुसरा लाभ. पहिले पंधरा दिवस एक लिटर पाण्यात १०० मिलिलिटर दूध आणि दर दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुस्करून द्यावे, ही तमिळनाडूतील शिफारस घरी सहज पाळता येते. दूध घातलेले पाणी मात्र दोह्यात दोन-तीन तासांनी बदलावे, नाहीतर औषधाचेच विष होईल.

पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी. तापमापकापेक्षा पिल्ले अधिक खरे सांगतात: दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, भिंतीकडे सरकून चोच उघडी ठेवली तर उकडते आहे, सर्वत्र पांगून खात असतील तर ठीक. आपल्या घरांत धोका दुसराच असतो. पिल्लांची पेटी वातानुकूलित खोलीत ठेवली जाते आणि थंड झोत थेट अंगावर येतो. नोव्हेंबरातील दुपारी दिवाही नको असतो आणि एसीही नको. रात्री दिवा हवा.

खाली वर्तमानपत्र पसरू नये. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि फाकलेले पाय पुन्हा जुळणे कठीण. पहिले काही दिवस खरबरीत कापड, मग लाकडाचा भुस्सा किंवा भाताचे तूस. वाळूची गादी नंतर चालते.

खाद्याच्या बाबतीत दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एक, टर्कीच्या पिल्लाला पहिल्या चार आठवड्यांत सुमारे २८ टक्के प्रथिने लागतात. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ती २०-२२ टक्क्यांच्या आसपास असतात. टर्कीचे खास खाद्य न मिळाल्यास अंडे, मासळीची भुकटी यांनी भर घालावी लागते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवण रोखण्यासाठी औषध मिसळलेले असते. त्यांतील सॅलिनोमायसिन आणि नॅरासिन ही दोन औषधे कोंबडीला सोसतात, टर्कीला विषारी ठरतात: पाय लुळे पडतात, पक्षी उठत नाही आणि मरतो. पोत्यावरील चिठ्ठी वाचल्याखेरीज, किंवा दुकानदाराकडून औषधाचे नाव विचारून घेतल्याखेरीज, ब्रॉयलरचे खाद्य टर्कीपुढे ओतू नये. चिठ्ठी अरबीत असेल तर सहकाऱ्याकडून वाचून घ्यावी. त्यात संकोच कसला?

मोठ्या पक्ष्याचे खाणे आणि जागा

मोठा झालेला टर्की आनंदाने पाला खातो. आहाराचा निम्म्यापर्यंत भाग हिरवा चाऱ्याने भागवता येतो. कतारमध्ये लसूणघास 'जत' या नावाने चाऱ्याच्या बाजारात मिळते आणि ती उत्तम. घरातील मेथीच्या काड्या, कोथिंबिरीचे देठ, कोबीची वरची पाने, मुळ्याचा पाला हे सारे चालते. ज्वारी-बाजरीची कोरडी भाकरीही चुरून द्यावी. फोडणीचे, खारट, तेलकट उरलेले अन्न देऊ नये. जादा मीठ टर्कीला, त्यातही पिल्लांना, बाधते. अंड्यावर आलेल्या मादीसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. मादी साधारण ३०व्या आठवड्यापासून अंडी घालू लागते, वर्षाला ६० ते १०० अंडी, प्रत्येकी सुमारे ८५ ग्रॅम. खुडूक बसल्यास २८ दिवसांनी पिल्ले.

चार आठवड्यांपर्यंत प्रत्येकी सव्वा चौरस फूट, सोळाव्या आठवड्यापर्यंत अडीच, पुढे चार, आणि अंड्यावरच्या पक्ष्यांना पाच चौरस फूट ही पुस्तकातील किमान जागा. कतारमध्ये मी ती दुप्पट धरेन, कारण गर्दीतील पक्षी एकमेकांच्या अंगाची ऊब सोसत असतात. बसण्याचा दांडा जमिनीपासून फूट-दीड फुटाहून उंच नको, जड पक्षी उडी मारतो तेव्हा तळपायाला जखम होऊन सूज येते. कुंपण सहा फूट. हलक्या जाती चांगल्या उडतात, त्यांच्या एकाच पंखाची लांब पिसे कातरावीत. रात्री दार बंद हवेच. मांजरे आपल्या वस्तीत भरपूर आहेत आणि वाडीवर कोल्हाही येतो.

पकडताना धावाधाव करू नये. अंधार करावा, मग दोन्ही पाय एकत्र धरून अंग कुशीत घ्यावे. उलटे लोंबकळत तीन-चार मिनिटांहून अधिक ठेवल्यास मोठ्या पक्ष्याचा जीव जाऊ शकतो. हातावर वाढलेला नर माणसालाच प्रतिस्पर्धी समजू लागतो, हेही लक्षात असू द्यावे. पिसे फुलवून तो लहान मुलाच्या अंगावर गेला तर ते कौतुक राहत नाही.

कोंबड्यांसोबत नको

पहिल्या हौसेत हटकून होणारी चूक म्हणजे टर्की कोंबड्यांच्याच आवारात सोडणे. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक कृमी असतो. त्याच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा सूक्ष्मजीव पसरतो. कोंबडी त्याने क्वचितच आजारी पडते, पण टर्कीचे यकृत आणि आंत्रपुच्छ तो पोखरतो. गंधकासारखी पिवळी विष्ठा, मान खाली, पंख लोंबलेले, आणि काही दिवसांत मृत्यू. या रोगावर भरवशाचे औषध आज हाती नाही. अमेरिकेत उरलेले शेवटचे मान्यताप्राप्त औषधही २०१५ साली बाजारातून गेले. कृमीची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात, म्हणून गेल्या वर्षी जेथे कोंबड्या होत्या ती जागाही टर्कीसाठी वर्ज्य. छोट्या अंगणात दोन्ही पाळणे जमणार नसेल तर एकाचीच निवड करावी.

लसीकरणाचे वेळापत्रक पशुवैद्याशी बोलून ठरवावे. मानमोडी, देवी आणि पटकी या तिन्ही रोगांवर लशी आहेत. मानमोडीची पहिली मात्रा पहिल्या दिवशीच असते. म्हणून विकणाऱ्याला ती दिली का हे विचारून घ्यावे.

बर्ड फ्लूचा विचार वेगळा करावा लागतो. महाराष्ट्राने तो २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पाहिला. भारतातील एच५एन१चा तो पहिला उद्रेक, आणि हजारो घरांचा कुक्कुटव्यवसाय त्यात उद्ध्वस्त झाला. टर्की या रोगाला फार लवकर बळी पडतो. कतार स्थलांतरित पक्ष्यांच्या वाटेवर आहे. हिवाळ्यात अल ठखिराच्या किनारी रोहित उतरतात ते पाहायला आपण जातो, आणि हाच आपला टर्की वाढवण्याचा हंगाम. म्हणून खाद्य व पाणी छताखाली असावे, रानपक्ष्यांची विष्ठा त्यात पडू नये, आणि पाणवठ्यावरून परत आल्यावर त्याच बुटांनी आवारात शिरू नये. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर मृत पक्षी हाताळू वा चिरू नयेत, तत्काळ सरकारी पशुवैद्यकीय विभागाला कळवावे.

उन्हाळा

पक्ष्याला घाम येत नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर फेकतो, आणि त्याच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून तापली की साधा पंखा काम करीत नाही. तो भट्टीचा भाता होतो. आपल्यापैकी अनेकांची समजूत असते की मोठा पंखा लावला की झाले. जूनमधील कोरड्या शमाल वाऱ्यांत पाणी उडवणारा कूलर बऱ्यापैकी थंडावा देतो. ऑगस्टमध्ये समुद्राची दमट हवा दोह्यावर बसते तेव्हा तोही निकामी होतो, कारण पाणी वाफ होऊन उडतच नाही. त्या सहा-आठ आठवड्यांसाठी उष्णतारोधक भिंतींची, एसी असलेली खोली हा एकच खात्रीचा उपाय आहे. चार पक्ष्यांसाठी छोटीशी खोली पुरते, पण तिचा खर्च आधी हिशेबात धरावा.

उरलेल्या काळासाठी निवारा नीट हवा. पत्र्याचे एकपदरी छप्पर म्हणजे तवा. आखातातील जुनी माणसे खजुराच्या झावळ्यांची 'अरीश' बांधत, त्यांतून वारा खेळे आणि ऊन अडे. पत्र्यावर वीतभर अंतर सोडून झावळ्यांचा दुसरा थर दिला तरी फरक पडतो. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी शिरते.

पाण्याची कथा दोहेकरांना सांगायला नको. उन्हाळ्यात थंड नळातून कढत पाणी येते आणि आपण गीझर बंद ठेवून त्यातलेच पाणी 'थंड' म्हणून वापरतो. गच्चीवरच्या टाकीचे तेच पाणी पक्ष्यापुढे ठेवले तर तो पीत नाही. भांडी सावलीत, दिवसातून तीनदा बदललेली, दुपारी बर्फाचा तुकडा टाकलेली असावीत. खाणे पचताना शरीरात उष्णता निर्माण होते, म्हणून दाणा पहाटे आणि सूर्यास्तानंतर. सकाळी नऊच्या सुमारास भांडे उचलावे.

चोच उघडी, घसा थरथरता, पंख अंगापासून सुटलेले ही पहिली खूण. पक्षी बसकण मारून डोळे मिटू लागला तर वेळ थोडा आहे. सावलीत नेऊन डोके, मान, पाय साध्या पाण्याने भिजवावेत, चोचीजवळ पाणी धरावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

आता सुट्टीचा प्रश्न. इझबावरील राखणदाराच्या भरवशावर पक्षी ठेवून जाणे सोपे वाटते. तो माणूसही त्याच उन्हात असतो, हे आपण विसरतो. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर कामास मनाई आहे. आपल्या पक्ष्यांना दुपारी पाणी घालायचे म्हणून कुणाला उन्हात उभे करणे नियमात बसत नाही आणि मनालाही पटू नये. व्यवस्थाच अशी हवी की त्या साडेपाच तासांत कोणाची गरज पडू नये: सावलीतील मोठी पाण्याची टाकी, बंद खोली, एसी बंद पडल्यास फोनवर इशारा देणारे यंत्र, आणि तो इशारा आल्यावर कोणाकडे जायचे ते ठरलेले. वीज दोन तास गेली तरी बंद खोलीतील पक्षी वाचत नाहीत. या कामाचे राखणदाराला वेगळे पैसे द्यावेत, हे सांगायला नको.

हे जमणार नसेल तर पक्षी एप्रिलअखेरीस दुसऱ्याकडे सोपवावेत किंवा कापावेत, आणि पुढल्या ऑक्टोबरात नवी पिल्ले आणावीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घेतलेली पिल्ले मार्चच्या सुमारास २० आठवड्यांची होतात. मांसासाठी हेच वय योग्य. मुलांनी नावे ठेवली असतील तर हा निर्णय मार्चमध्ये घरात मोठे वादळ उठवतो. तेव्हा तो नोव्हेंबरातच त्यांच्यासमोर घ्यावा. कापण्याचे काम मान्यताप्राप्त कत्तलखान्यात करावे, घराच्या मोरीत नव्हे. शिजवताना मांडीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश तापमान पोहोचले पाहिजे.

ज्यांना पक्षी ठेवायचेच आहेत त्यांच्यासाठी आणखी एक बाब. आपला येथील मुक्काम नोकरीशी बांधलेला आहे आणि नोकरी कधी कधी महिन्याभराच्या सूचनेवर संपते. टर्की सामानासारखा भारतात नेता येत नाही. जिवंत कोंबडीवर्गीय पक्षी आणण्यास केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाची पूर्वपरवानगी आणि विलगीकरण लागते, आणि ते एका महिन्यात होणारे काम नाही. म्हणून पक्षी कोण घेईल हे आधी ठरवून ठेवावे. ज्याच्याकडे छत, पाणी आणि टर्कीची सवय आहे असा इझबावाला बहुधा आनंदाने घेतो. त्याला पक्ष्यांसोबत लसीकरणाची वही आणि खाद्याच्या पोत्यावरील चिठ्ठीही द्यावी.